कॅसची फाईल

"मॅडम, ही कात्रणं कुठं लावायची?"

विभागातला आमचा लिपिक माझ्या फाईलला पान क्रमांक घालत होता. त्याच्या हातात वर्तमानपत्रातल्या माझ्या लेखांचा गठ्ठा होता. बारा-तेरा वर्षांत लिहिलेले, पिवळे पडलेले, काही माझ्या आईने कापून तारीख घालून ठेवलेले. मी फाईलचा तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. संशोधनपत्रिकेतला निबंध आहे. पुस्तक आहे, पुस्तकातलं प्रकरण आहे, भाषांतर आहे, पेटंट आहे, ऑनलाईन अभ्यासक्रम आहे, परिषदेतलं व्याख्यान आहे. वर्तमानपत्रातला लेख नाही.

मी पत्रकारिता शिकवते.

"कुठंच नाही. पिशवीत ठेव," मी म्हणाले.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. कॅस म्हणजे करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम. विद्यापीठातल्या शिक्षकाची बढती रिकाम्या जागेवर अवलंबून नसते. ठरावीक वर्षं झाली, ठरावीक कागद जमले की अर्ज करायचा, छाननी होते, मुलाखत होते आणि वरची श्रेणी मिळते. गावाकडे मी २०१२ पासून 'प्राध्यापक'च आहे, पण कागदावर सहायक प्राध्यापक. आता अर्ज होता सहयोगी प्राध्यापकपदाचा. ही पायरी सगळ्यांच्या जिवाभावाची, कारण सातव्या वेतन आयोगात आधीच्या स्तराचं मूळ वेतन ७९,८०० पासून सुरू होतं आणि या स्तराचं १,३१,४०० पासून. उगाच तत्त्वज्ञान सांगणार नाही. फाईल करायला घेतली ती या आकड्यासाठीच.

वर्षातून दोन-तीनदा कुठल्या तरी डेस्कवरून फोन येतो. "मॅडम, रात्रपाळीला कंटाळलोय. शिकवण्याच्या लाईनमध्ये काय स्कोप आहे?" मी विचारते, नेट, म्हणजे प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, झालीय का? पलीकडे शांतता. मग मी जे सांगते, ते इथं सविस्तर सांगते.

मी मूळची बार्शीची. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि २००३ मध्ये सोलापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर लागले. दुपारी चारला जायचं, नऊला डाक आवृत्ती सोडायची, साडेबाराला शहर आवृत्ती. घरी सोडायला गठ्ठ्यांची गाडी. पार्सलं टाकत टाकत ती सगळं शहर फिरायची आणि शेवटी मला टाकायची. सात-आठ वर्षं हे केलं. वाईट नव्हतं. दोन ओळींत मथळा बसवायला शब्द कसे मारायचे हे अंगात भिनलं, ते आजही उपयोगी पडतं.

२००८ मध्ये एका महाविद्यालयाने 'उपसंपादन' या विषयावर दोन तास घ्यायला बोलावलं. बारा मुलं होती. मी आदल्या रात्रीची एका तालुका वार्ताहराची कच्ची बातमी तशीच नेली. ग्रामपंचायतीच्या इमारतीचं उद्घाटन. अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले. अकरा नावं. शेवटच्या ओळीत, 'यावेळी मंडपाचे काम करताना विजेचा धक्का लागून एक कामगार जखमी झाला.' मुलांना म्हटलं, लावा बातमी. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "त्या कामगाराचं नाव काय?" मलाही ठाऊक नव्हतं. वर्गातूनच वार्ताहराला फोन लावला. तो म्हणाला, "नाव कशाला पाहिजे ताई, बिगारी होता."

ही बातमी रात्री माझ्याच टेबलावरून गेली होती. मी वाक्यातली एक चूक सुधारली होती, नाव विचारलं नव्हतं. परतताना एसटीत डोक्यात तेवढंच होतं. शिकवायला यायचं ते तिथं ठरलं असावं. निदान आता तरी तसं वाटतं.

नेटला मी दोनदा पडले. तेव्हा तीन पेपर असायचे. पहिले दोन पर्यायी उत्तरांचे आणि तिसरा हाताने लिहायचा, अडीच तास. पत्रकारितेचा पेपर इंग्रजी किंवा हिंदीत लिहायचा, मराठीचा पर्याय नव्हता आणि आजही नाही. रोज रात्री मराठी मथळे देणारी मी, १९७५-७६ च्या साईट प्रयोगावर इंग्रजीत पानं भरत होते. उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही कसा पोचला, त्याचं पुढं काय झालं. उत्तर येत होतं, हात येत नव्हता. डिसेंबर २००९ मध्ये तिसऱ्या प्रयत्नात पास झाले. २०१२ पासून तिसरा पेपरही पर्यायी उत्तरांचा झाला आणि २०१८ पासून तो उरलाच नाही. आता दोनच पेपर, एकाच बैठकीत तीन तास. माझे विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, तुमच्या वेळी सोपं होतं." म्हणू देत.

पीएच.डी. हवी की नेट पुरते, हा प्रश्नही सगळे विचारतात. नियम मध्येच हलले, म्हणून गोंधळ आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची होणार होती. ती तारीख २०२३ पर्यंत पुढं ढकलली गेली आणि जुलै २०२३ मध्ये पुन्हा नेट किंवा राज्यांच्या सेट, स्लेट या परीक्षा हीच किमान पात्रता झाली. या काळात कित्येकांनी घाईघाईने कुठल्याही विषयाला नोंदणी करून टाकली. ते अजून त्या विषयाशी झगडत आहेत.

नेट झाली आणि मी सीएचबीवर लागले. तासिका तत्त्व. दोन महाविद्यालयं, दोन मस्टरं. तास घेतला की सही, सुट्टी आली की पैसे नाहीत, परीक्षा आली की पैसे नाहीत. गणपती, दिवाळी, नाताळ, वार्षिक स्नेहसंमेलन, सगळे सण माझ्या पगारातून साजरे व्हायचे. बिल एकदम काढायचे, वर्षाच्या शेवटी, कधी त्याच्याही पुढं. पहिलं वर्ष डेस्कची नोकरी सोडली नव्हती. सकाळी साडेसातला तास, दुपारी झोप, चारला ऑफिस. दुसऱ्या वर्षी सोडली. हातात पडलेला आकडा आईला कधी सांगितला नाही. ती शेजारणींना 'मुलगी कॉलेजात प्राध्यापक आहे' सांगायची, तेवढं पुरे होतं.

त्याच काळात एका संस्थेत कायम जागेची मुलाखत दिली. नाव नको. व्हरांड्यात पंधरा-वीस जण फायली मांडीवर घेऊन बसलेले. एक गृहस्थ पुढे आले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, तुमची तयारी काय?"

मी म्हणाले, "अजेंडा सेटिंग घेऊन आलेय सर. दहा मिनिटांचा पाठ आहे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. "ती नाही हो तयारी."

मला समजायला जिना उतरेपर्यंत वेळ लागला. माध्यमं जे विषय लावून धरतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटतात, हा अजेंडा सेटिंगचा सिद्धांत. आजही तो मांडणारे मॅककोम्ब्स आणि शॉ शिकवायला घेतले, १९६८ च्या निवडणुकीत चॅपल हिल गावातल्या शंभर कुंपणावरच्या मतदारांना त्यांनी काय विचारलं ते सांगायला लागले, की तो जिना डोळ्यांपुढे येतो. वर्गात सांगत नाही. सांगायला हवं बहुतेक.

विद्यापीठातली जागा २०१२ मध्ये मिळाली, सरळ जाहिरातीतून. मुलाखत सात मिनिटं चालली. तिथं कुणी तयारी विचारली नाही. असंही होतं, हे मुद्दाम नोंदवते, कारण आमच्या क्षेत्रात 'सगळं ठरलेलंच असतं' म्हणून अर्जच न करणारे खूप भेटतात.

पीएच.डी.ची नोंदणी त्याआधी वर्षभर, २०११ मध्ये झाली होती. पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिली, आरआरसी, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीसमोर विषय मांडला. मी 'महाराष्ट्रातील ग्रामीण वृत्तपत्रसृष्टी' असं काहीतरी भव्य नेलं होतं. मार्गदर्शक सर म्हणाले, "बाई, एवढा महाराष्ट्र कुठं हिंडणार? जिल्ह्यात बसतो का बघ." मग सोलापूर जिल्ह्यातली तालुका साप्ताहिकं आणि त्यांचं अर्थकारण, एवढाच विषय ठरला. आयुष्यातला सगळ्यात चांगला सल्ला.

त्या कामाची मजा कुठल्याच फाईलमध्ये येत नाही. एका साप्ताहिकाचे संपादक, मालक, जाहिरात व्यवस्थापक आणि वितरक एकच गृहस्थ होते, समोर झेरॉक्सचं दुकान. मी प्रश्नावली काढली. "अंक किती छापता?" ते म्हणाले, "कागदावर की खरे?" मी म्हटलं दोन्ही सांगा. त्यांनी दोन्ही सांगितले आणि चहा मागवला. साप्ताहिक चालतं कशावर? वाचकांवर नाही. तहसील आणि न्यायालयाच्या जाहीर नोटिसा, शासनमान्य यादीत असल्यामुळे मिळणाऱ्या सरकारी जाहिराती, साखर कारखान्याची वार्षिक सभेची जाहिरात, नेत्यांचे वाढदिवस आणि दिवाळी अंक. एकाने तर वाढदिवसांची वही ठेवली होती, महिनावार, कुणाकडून किती येणं बाकी तेही. ती वही मला दोन दिवस घरी नेऊ दिली. तिची नक्कल माझ्या प्रबंधात परिशिष्ट म्हणून आहे, नावं झाकून. माझ्या मते सगळ्या प्रबंधात तेवढंच खरं मौल्यवान आहे.

प्रबंध मराठीत लिहिला आणि श्रीलिपीत टाईप करून घेतला, कारण टायपिस्टला तेच येत होतं. २०१६ मध्ये वाङ्मयचौर्य तपासायला ग्रंथालयात दिला. अहवाल आला, साम्य शून्य टक्के. ग्रंथपाल खूश. "मॅडम, असा शून्य पहिल्यांदाच बघतोय." मला शंका आली. सॉफ्टवेअरने वाचलेला मजकूर पडद्यावर उघडायला सांगितला. सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. जुने फॉन्ट दिसायला मराठी दाखवतात, आत संगणकाला इंग्रजी कळाच असतात. चारशे पानांची खिचडी जगात कुणाच्याच खिचडीशी जुळली नाही, हे खरंच होतं. म्हणजे कुणी दुसऱ्याचा अख्खा प्रबंध श्रीलिपीत उतरवला असता, तरी शून्यच आलं असतं. मी प्रबंध युनिकोडमध्ये करून घेतला. त्यात तीन आठवडे गेले, कारण कन्व्हर्टरने प्रत्येक रफार वेगळ्या जागी नेऊन ठेवला होता. 'वार्ताहर'चं काय झालं होतं ते इथं लिहवत नाही. दुसऱ्या वेळी चार टक्के आलं, त्यातही बहुतेक कायद्यांतली कलमं. २०१७ मध्ये पदवी मिळाली.

आता लाजेची गोष्ट. पुढच्या श्रेणीसाठी शोधनिबंध हवे होते. २०१७ मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतल्या एका पत्रिकेने पैसे घेऊन आठ दिवसांत माझा निबंध छापला. सुधारणा शून्य, प्रश्न शून्य. परीक्षकाचा शेरा म्हणून एक ओळ आली, तीही बहुधा सगळ्यांना तीच. वर्गात 'स्रोत तपासा, दोन ठिकाणी खात्री करा' म्हणून घसा कोरडा करणाऱ्या मी, त्या पत्रिकेचा पत्तासुद्धा तपासला नाही. मे २०१८ मध्ये यूजीसीने त्या यादीतून ४,३०५ पत्रिका एका फटक्यात काढल्या. त्यात माझी होती. नंतर यूजीसीची नवी 'केअर' यादी आली, तिचं काम पुण्यातून चालायचं, तिच्यात मराठी पत्रिकाही होत्या. माझे पुढचे निबंध तिथं आले, वर्ष-वर्ष थांबून, दोनदा परत येऊन. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. आता पत्रिका चांगली की वाईट ते ज्याचं त्याने, संस्थेने ठरवायचं. जुना निबंध फाईलला लावावा, छापला तेव्हा यादीत होता ना, चालून जाईल, असं कार्यालयातल्यांचं म्हणणं होतं. मी नाही लावला. मोठेपणा नव्हे, त्याच्याविना गुण भरत होते म्हणून परवडलं.

गुणांचा हिशेब असा. सहयोगी प्राध्यापकाला संशोधनाचे किमान ७० गुण, किमान ७ निबंध आणि त्यातले ३ मूल्यमापनाच्या काळातले. आमच्या विषयात एकट्याच्या निबंधाला १०. दोघांचा असला तर प्रत्येकाला त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे ७. माझे पाच एकटीचे, दोन जोडीने, झाले ६४. एका पुस्तकात प्रकरण, ५. शिवाय मार्गदर्शनाखाली निदान एक पीएच.डी. हवी. पदवी मिळाली असेल तर १०, नुसता प्रबंध सादर झाला असेल तर ५. माझी विद्यार्थिनी २०२४ मध्ये पार पडली. बेरीज ७९. पाच वर्षं तिचं एकेक प्रकरण वाचलं, तिच्या बाळंतपणात मुदतवाढीचे अर्ज केले, बारशाला गेले. दहा गुण.

शिकवण्याला गुण नसतात, शेरा असतो. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्क्यांवर घेतले की 'चांगले'. त्या तासांत काय घेतलं हे कुणी विचारत नाही. २०२४ सालीच बघा. मार्चमध्ये १८६७ चा वृत्तपत्र नोंदणी कायदा जाऊन २०२३ चा नवा लागू झाला. १ जुलैला भारतीय दंड संहिता गेली, अब्रुनुकसानीची ४९९ आणि ५०० ही कलमं जाऊन न्याय संहितेचं ३५६ आलं. बारा वर्षांच्या माझ्या माध्यम कायद्याच्या नोट्स चार महिन्यांत रद्दी झाल्या. उन्हाळी सुट्टीत बसून सगळ्या नव्याने लिहिल्या. त्याचा कागद कुठला लावणार?

विभागाचं प्रायोगिक पाक्षिक मी नऊ वर्षं चालवतेय. फाईलमध्ये ते 'विद्यार्थीविषयक उपक्रम' या रकान्यात एका ओळीत बसलं. मुलं बातमी आणतात, पान लावतात, पाचशे प्रती काढतो. एका अंकात दोघींनी वसतिगृहाच्या मेसवर बातमी केली. नीट केली होती. कंत्राटाची प्रत, बावीस मुलींची म्हणणी, ठेकेदाराची बाजू. अंक छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी वरून फोन आला. आवाज गोड होता. "पुढच्या अंकात घ्या ना मॅडम, नॅकची टीम येतेय." नॅक म्हणजे विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी संस्था. मी पान तीन बदललं. त्या जागी वृक्षारोपणाची बातमी लावली, अकरा नावं असलेली. मुलींनी वाद घातला नाही, हे जास्त लागलं. पुढच्या अंकात बातमी घेतली खरी, पण तोवर ठेकेदार बदलला होता आणि बातमी शिळी झाली होती. त्यातली एक आज मुंबईत वृत्तवाहिनीत आहे. भेटली की प्रेमाने बोलते. त्या अंकाचा विषय ती काढत नाही आणि मीही नाही.

फाईल जमवायला अडीच महिने गेले. रुजू अहवाल, जुने आदेश, एकवीस दिवसांच्या उद्बोधन वर्गाचं प्रमाणपत्र, उजळणी वर्गाचं प्रमाणपत्र, दरवर्षीचा स्वयंमूल्यमापन अहवाल, प्रत्येक निबंधाची पहिली पानं, अनुक्रमणिका, मुखपृष्ठ. सगळ्यांवर 'सत्यप्रत'. एका पत्रिकेचा छापील अंक हरवला होता, तो ओळखीच्या दुकानात तीस रुपयांना सापडला. एकूण ३४७ पानं झाली.

मुलाखतीत पाच जण होते. एकाने केअर यादी बंद झाली ते चांगलं की वाईट, विचारलं. मी म्हणाले, मराठी पत्रिकांना त्या यादीमुळे निबंध मिळू लागले होते, आता काय होईल सांगता येत नाही. दुसऱ्या बाईंनी, बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या, फाईल बाजूला सरकवली. "तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं तुम्हाला न पटलेलं एखादं सांगा." तेरा वर्षांत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. मी बोलत सुटले. समाजमाध्यमांवरच्या शेतकरी गटांना ती 'पर्यायी माध्यम' म्हणते, मला ते बियाणं-खतांच्या दुकानदारांचे जाहिरातफलक वाटतात. तिनं मुलाखती पुरुषांच्याच घेतल्या कारण गटात बायकांचे नंबर नवऱ्याच्या नावाने होते. त्यांनी शेवटी घड्याळ दाखवलं. बाहेर आले तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि फार बरं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी कार्यालयातून चिठ्ठी आली. त्रुटी: पान २१२ नंतर एका निबंधाचे मुखपृष्ठ जोडलेले नाही. जोडून नव्याने पान क्रमांक द्यावेत.

मुखपृष्ठ माझ्याकडेच होतं, सत्यप्रत करताना मागे राहिलेलं. ते घालायला एक मिनिट लागलं. नंतरची १३५ पानं एकेक आकड्याने पुढे सरकली. लिपिक रजेवर होता. शिपाईमामांनी व्हाईटनरची बाटली आणली, ते जुना आकडा पुसायचे, मी फुंकर घालून नवा लिहायची. पावणेसहाला आम्ही २९० पर्यंत आलो आणि मामा म्हणाले, "मॅडम, कुलपाची वेळ झाली, उरलेलं उद्या."